डाव्या बाजूची कोंबडी: स्मोक्ड चिकन, चीज आणि नाशिकच्या हिवाळी भाज्यांचे सॅलड

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत, आमच्या घरी स्मोक्ड चिकनची सात पाकिटे आली. त्यांतली सहा ताज्या भाज्या आणि चीज यांच्याबरोबर सॅलडमध्ये गेली. सातवे का गेले नाही, ते पुढे सांगितले आहे. घरात आम्ही पाच जण आहोत: मी, माझे यजमान, मुलगा, सून आणि सासूबाई. सासूबाई माळकरी असल्यामुळे त्यांची वाटी कोंबडी कापायला घेण्याआधीच वेगळी निघते, आणि सुनेला त्या वेळी दिवस गेलेले असल्यामुळे तिच्या वाटीचा विचार निराळा करावा लागला. या पदार्थाविषयी मला जे काही कळले, त्यातले निम्मे या दोन वाट्यांनी शिकवले.

माझे मत आधीच सांगून टाकते. पाकिटातली स्मोक्ड कोंबडी घेण्याजोगी आहे, पण ती ताटात लोणच्यासारखी वाढायला हवी. रश्शातल्या फोडींसारखी सढळ हाताने वाढली, तर सॅलडही बिघडते आणि पाकीटही महाग वाटू लागते.

बाजारात हे चिकन दोन रूपांत मिळते आणि दोन्हींवर नाव एकच असते, त्यामुळे पहिल्या खेपेस गफलत होण्याचा संभव फार. एक रूप म्हणजे कापीव चकत्या: गोल, एकसारख्या, पत्त्यांसारख्या एकावर एक रचलेल्या. दुसरे म्हणजे छातीचा अख्खा तुकडा, जो वरून तांबूस-तपकिरी दिसतो आणि कडेला थोडा सुरकुतलेला असतो. मी पहिली दोन पाकिटे चकत्यांची घेतली, कारण कापायचा त्रास वाचेल असे वाटले. चकती ओढून पाहिली तर ती रबरासारखी ताणली गेली आणि मांसाचा धागा कुठे दिसेना. तेव्हा चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, एवढे एक लक्षात ठेवले की ती यादी पुष्कळ बोलते. चकत्यांच्या पाकिटावर चिकननंतर लगेच पाणी होते, त्यामागोमाग स्टार्च आणि सोया प्रथिन होते, आणि धुराच्या नावाने शेवटी ‘स्मोक फ्लेवर’ एवढेच दोन शब्द होते. म्हणजे मांस दळून, पाण्यात आणि पिठात मळून, साच्यात घालून शिजवलेला तो गोळा होता आणि त्याला धुराचे अत्तर लावले होते. अख्ख्या तुकड्याच्या पाकिटावर यादी आखूड होती: चिकन, पाणी, मीठ, साखर, मसाला, दोन-तीन आयएनएस क्रमांक (खाद्यपदार्थांत घातलेल्या मिश्रकांना दिलेले आंतरराष्ट्रीय आकडे) आणि लाकडाच्या धुराचा स्पष्ट उल्लेख. कंपन्यांची नावे मी देत नाही, कारण ही यादी वाचली की कोणत्याही कंपनीचा माल आपोआप ओळखू येतो, आणि एकच कंपनी दोन्ही प्रकार विकते असेही मी पाहिले.

त्या क्रमांकांपैकी २५० हा क्रमांक ओळखून ठेवावा. तो सोडियम नायट्राइटचा आहे. बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जिवाणूंची वाढ त्याने रोखली जाते आणि मांसाला शिजल्यावरही टिकणारा गुलाबी रंग येतो. आपल्याकडे कोंबडी आतून गुलाबी दिसली की ती कच्ची राहिली असे आपण धरून चालतो, आणि साध्या रश्शाच्या बाबतीत ते धोरण योग्यही आहे. माझ्या यजमानांनी पहिला तुकडा पाहून ताट बाजूला सारले होते ते याच कारणाने. या मालाच्या बाबतीत रंगावरून निर्णय करता येत नाही. मांस आधी मिठाच्या पाण्यात मुरवतात आणि मग गरम धुरात इतके ठेवतात की ते धुराबरोबरच आतपर्यंत शिजते. धुरी देण्याची थंड पद्धतही असते, तिच्यात मांस शिजत नाही. म्हणून पाकिटावर ‘खाण्यास तयार’ असे लिहिले आहे की ‘गरम करून खावे’ असे, हे पाहिल्याशिवाय सुरी हाती घेऊ नये. माझ्या सातांपैकी एका पाकिटावर दुसरी सूचना होती आणि ती इतक्या बारीक अक्षरांत होती की मुलाने मोबाइलमध्ये फोटो मोठा करून ती वाचली.

सुनेच्या वाटीचा प्रश्न येथेच आला. ‘खाण्यास तयार’ असलेल्या थंड मांसातही लिस्टेरिया नावाचा जिवाणू असू शकतो. फ्रिजच्या थंडीतही तो हळूहळू वाढतो आणि गर्भवती स्त्रीच्या बाळाला त्याच्यापासून विशेष धोका असतो. म्हणून तिच्या वाट्याचे काप मी दर खेपेस तव्यावर वाफा येईपर्यंत गरम करून, जरा निववून मग घातले. आश्चर्य म्हणजे तव्यावर कडा किंचित खरपूस झालेले हे कापच सगळ्यांना अधिक आवडले, आणि तिसऱ्या पाकिटापासून सर्वांचेच चिकन मी तव्यावरून काढू लागले. धुराचा वास थंड मांसात मिटून बसलेला असतो, तो उष्णतेने मोकळा होतो. मात्र गरम काप सरळ पानांवर टाकले तर लेट्यूस क्षणात मान टाकते, तेव्हा निववण्याची पाच मिनिटे चुकवू नयेत.

आता सातव्या पाकिटाविषयी. ते मी कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या दुकानातून घेतले होते. हवा काढून बंद केलेले पाकीट मांसाला घट्ट चिकटलेले असायला हवे, ते हाताला सैल लागले, आणि आत पाण्याचा एक गढूळ थर दिसत होता. तारीख मात्र पुढच्या महिन्याची होती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काकू, डेट बघा ना, एकदम फ्रेश आहे,” आणि घाईत मीही मान डोलावली. घरी येऊन कापले तेव्हा आंबूस वास आला. परत नेऊन दिले, तेव्हा मालकांनी तक्रार न करता पैसे दिले आणि रात्री फ्रीजरचे बटण बंद राहिले होते हेही मोकळेपणाने सांगितले. माणूस प्रामाणिक निघाला, म्हणून दुकानाचे नाव लिहीत नाही. तारीख ही अखंड थंडाव्याच्या भरवशावर छापलेली असते. मध्ये थंडावा तुटला की त्या आकड्यांना अर्थ राहत नाही. त्यानंतर मी गंगापूर रोडवरच्या एका लहान कोल्ड स्टोरेजमधून माल घेऊ लागले. तेथे पसारा कमी, पण काचेच्या दारामागे तापमानाचा आकडा दिसतो आणि तो दर वेळी चाराच्या आत असतो. घरून थर्मासची पिशवी नेते. रिक्षात अर्धा तास लागला तरी पाकीट गार राहते.

पाकिटाला पैसे कशाला द्यायचे, घरीच धुंगार देता येईल, असा विचार माझ्याही मनात आला आणि मी तो करूनही पाहिला. कोंबडीची छाती मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून, दुसऱ्या दिवशी मंद आचेवर शिजवून, पातेल्यात मधोमध वाटी ठेवून तिच्यात पेटता निखारा आणि वर तूप घातले आणि झाकण लावून दहा मिनिटे वाट पाहिली. वास घरभर झाला. चव मात्र सॅलडमध्ये बसली नाही, कारण तो वास जळत्या तुपाचा होता, तो बिर्याणीला किंवा वांग्याच्या भरताला शोभतो. लाकडाच्या धुराची गोष्ट वेगळी आहे. लाकडातले लिग्निन हे द्रव्य मंद जळताना फुटते आणि त्यातून ग्वायकोल, सिरिंगोल अशी संयुगे निघतात; धुराचा म्हणून जो गोडसर, किंचित औषधी वास आपण ओळखतो, तो मुख्यतः त्यांचा. ही संयुगे मांसाच्या पृष्ठभागात तासन्‌तास मुरावी लागतात, आणि झाकणाखालच्या दहा मिनिटांत ते काम होत नाही. सदनिकेच्या गॅलरीत लाकडाची धुरी करण्याचे धाडस मी केलेले नाही, वरच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे असतात.

कोंबडीविषयी एवढे लिहिले तरी या सॅलडचा जीव भाजीत आहे, आणि भाजीच्या बाबतीत नाशिककराने दुसऱ्या गावाचा हेवा करण्याचे हिवाळ्यात तरी कारण नाही. मी बहुतेक भाजी गंगेवरच्या बुधवारच्या बाजारातून आणते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि गंगेवर जाऊन येते म्हटले की घरच्यांना नदीही कळते आणि बाजारही कळतो. डिसेंबरात निफाडकडे पारा एक आकडी होतो आणि त्या थंडीचा जो फायदा गव्हाला होतो, तोच सॅलडच्या पानांनाही होतो. लेट्यूस हे थंडीचे पीक आहे. ऊन तापले की ते दांडा वर काढून फुलावर येते आणि त्याच्या पांढऱ्या चिकातला कडवटपणा पानांत उतरतो. मार्चमध्ये आणलेला गड्डा चवीला कडू लागला, तर तो विकणाऱ्याचा दोष नसतो. गड्डा घेताना बुडखा पाहावा; तो पांढरा आणि ओलसर असेल तर काढणी ताजी आहे, तांबूस झाला असेल तर पान दोन-तीन दिवसांचे आहे. बाजारात माझी एक ठरलेली भाजीवाली आहे. पहिल्यांदा लेट्यूस मागितले तेव्हा ती म्हणाली, “ताई, ती हॉटेलवाल्यांची कोबी ना? खाली ठेवलीये, कोण घेतंय इथं.” आता ती माझ्यासाठी दोन गड्डे ओल्या गोणपाटाखाली बाजूला ठेवते.

पाने धुण्यापेक्षा ती वाळवणे जास्त महत्त्वाचे आहे, आणि मी चाखलेल्या बऱ्याच हॉटेलांतल्या सॅलडची चूक येथेच होते. ओल्या पानावर तेल ठरत नाही, ते घसरून भांड्याच्या तळाशी जाते, आणि मग वरची पाने फिकी व खालची तेलात बुडालेली अशी अवस्था होते. पाने वाळवण्यासाठी गरगर फिरणारे प्लास्टिकचे भांडे मिळते. मी यजमानांच्या जुन्या पंचात पाने सैल बांधून गॅलरीत उभी राहून ते गाठोडे गोफणीसारखे फिरवते. शेजारच्या वहिनींनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांना वाटले मी पाखरे हाकते आहे.

काकडी चोचवायची नाही. आपल्या हाताला खमंग काकडीची सवय असते आणि सुरी आपोआप त्या चालीने पडू लागते. पण चोचवलेली काकडी पाणी सोडते, आणि खमंग काकडीत जे पाणी आपण पिळून टाकतो ते येथे सॅलडमध्ये उतरते. बोटभर रुंदीचे जाड तुकडे करावेत, बियांचा भाग फार पाणचट असेल तर चमच्याने काढून टाकावा. टोमॅटो गिरणारेकडचे मिळाले तर उत्तम, पण कुठलेही घेतले तरी फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण तिथल्या थंडीत त्यांचा सुगंध मरतो आणि पुरता परत येत नाही. त्यांच्या बियांभोवतालचा गर फेकायचा नाही, टोमॅटोची सगळ्यांत दाट चव तिथेच असते. लाल गाजर आणि पांढरा मुळा यांच्या सोलाण्याने लांब पट्ट्या काढाव्यात आणि त्या दहा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवाव्यात, म्हणजे त्या कुरकुरीत होऊन आपोआप वळतात. कांदा थोडाच घालावा. उभा पातळ चिरून तोही गार पाण्यात ठेवला की तिखट वास पाण्यात उतरतो; लासलगावच्या इतक्या जवळ राहून कांदा पाण्यात धुण्याची सूचना करताना मला थोडा संकोच वाटतो, पण धुराच्या वासापुढे उग्र कांदा आला की दोघेही भांडतात. पॉलीहाउसमधली पिवळी ढोबळी मिरची गोड असते, ती चालते. हिरवी मी घालत नाही.

आणि द्राक्षे. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातली अर्ली द्राक्षे डिसेंबरात बाजारात दिसू लागतात, पुढे जानेवारी-फेब्रुवारीत निफाड-दिंडोरीकडची येतात. शंभर ग्रॅम द्राक्षे उभी दोन भागांत कापून या सॅलडमध्ये घातली, तर खारट चिकन आणि खारट चीज यांच्यामध्ये ती जे काम करतात ते दुसरे कोणतेही फळ करीत नाही. सफरचंद काळे पडते, डाळिंब दातांत अडकते, संत्र्याचा रस पानांना मऊ पाडतो. द्राक्षाची साल फुटेपर्यंत रस आत राहतो आणि तोंडातच बाहेर पडतो. हे सॅलड नाशिकचे का, असे कोणी विचारले तर मी द्राक्षाकडे बोट दाखवीन.

आता मिठाकडे येते, कारण या सॅलडमधला खरा पेच तोच आहे. सॅलड हा शब्दच मुळात लॅटिनमधल्या मीठ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, म्हणजे खारवलेल्या भाज्या. कोशिंबिरीत आपण मीठ भाजीला लावतो. येथे ते भाजीला अजिबात लावायचे नाही, कारण ते चिकन आणि चीज घेऊनच येतात. माझ्या पाकिटावर १०० ग्रॅममागे सुमारे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले होते. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते, म्हणजे ते २ ग्रॅम झाले. प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या हिशेबाने २०० ग्रॅमचे अख्खे पाकीट दोघांनी एका बैठकीत संपवले, तर प्रत्येकाच्या पोटात नुसत्या कोंबडीतून २ ग्रॅम मीठ जाते आणि चीजचे त्यावर चढते. पहिल्या खेपेस मी सवयीने चिमूटभर मीठ भाज्यांवर घातले होते. सॅलड इतके खारट झाले की मुलाने पोळी मागितली, आणि दहा मिनिटांत भांड्याच्या तळाशी टोमॅटो-काकडीचे अर्धी वाटी पाणी साचले.

दुसऱ्या खेपेस मीठ घातले नाही, आणि तेव्हा सासूबाईंची वाटी बोलली. त्यांच्या वाटीत त्याच भाज्या, तीच द्राक्षे, तेच चीज आणि तोच रस होता, फक्त कोंबडी नव्हती. त्या एक घास खाऊन म्हणाल्या, “छान आहे गं, पण अळणी आहे.” आमच्या वाट्यांत तर मीठ नेमके होते. म्हणजे त्या १५० ग्रॅम कोंबडीचे काम काय होते, तर पाऊण किलो भाजीला मीठ आणि वास पुरवणे. जेवणात हे काम डाव्या बाजूचे. मीठ, लिंबू, लोणचे, चटणी यांचे. तेव्हापासून मी चौघांसाठी दीडशे ग्रॅमच्या पुढे जात नाही, आणि तुकडे लहान करते: मांसाच्या धाग्याला आडवी सुरी लावून, पेन्सिलीइतक्या जाडीचे, बोटाच्या दोन पेरांएवढे. धाग्याच्या दिशेने कापले तर चावताना वात येतो. सासूबाईंच्या वाटीत मात्र शेवटी सैंधव घालते.

रसासाठी साधारण रीत तीन भाग तेलाला एक भाग आंबट अशी आहे. चीजची स्निग्धता लक्षात घेऊन मी दोनास एक हे प्रमाण ठेवते: चार चमचे तेल, दोन चमचे लिंबाचा रस, एक लहान चमचा मध, मिरपूड. आणि पाव चमचा फेसलेली मोहरी. ही मोहरी महत्त्वाची आहे. बाटलीतली विलायती मोहरी चालते, पण आपल्या घरी लोणच्यासाठी मोहरी फेसण्याची रीत आहे ती येथे अधिक चांगली लागू पडते. मोहरीची पूड थोड्या साध्या पाण्यात फेसून पाच-सात मिनिटे ठेवायची आणि ती नाकात चढू लागली की मगच लिंबू घालायचे. आधीच आंबट घातले तर मोहरीचा झणका तयारच होत नाही, कारण तो तयार करणारे विकर आंबटात काम करीत नाही. ही मोहरी तेल आणि लिंबू यांना काही काळ एकत्र धरूनही ठेवते. तेल कोणते, याविषयी घरात मतभेद आहेत. मुलगा ऑलिव्ह तेलाच्या बाजूचा आहे. मला घाण्याचे शेंगदाणा तेल आवडते, पण त्याचा वास धुराशी स्पर्धा करतो हे मान्य करून निम्मे-निम्मे घेते. तयार मेयोनेजचे नाव काढू नये. मेयोनेजमध्ये धूर, द्राक्ष, मुळा सगळे एकाच पांढऱ्या गोधडीखाली झोपते.

चीजच्या बाबतीत मी चार प्रयोग केले. घरोघरी असते ते प्रोसेस्ड चीज सगळ्यांत स्वस्त आणि हाताशी असलेले, पण ते वितळण्यासाठी बनवलेले आहे. त्यातले सायट्रेट आणि फॉस्फेट क्षार त्याला एकजीव आणि गुळगुळीत ठेवतात, टोस्टवर ते गुण ठरतात, आणि थंड सॅलडमध्ये मात्र तोंडात खोडरबर आल्यासारखे वाटते. पनीर अगदीच गप्प बसते. फेटा हे नाव ऐकून सासूबाईंना लग्नातला फेटा आठवला आणि त्या बराच वेळ हसत होत्या. ग्रीसचे मूळ फेटा मेंढीच्या, फार तर त्यात काही भाग शेळीच्या, दुधाचे असते आणि २००२ पासून युरोपीय संघात ते नाव ग्रीसपुरते राखीव आहे. मला मिळालेले गाईच्या दुधाचे होते आणि मिठाच्या पाण्यात मुरलेले असल्यामुळे खारटपणात कोंबडीच्याही वरताण निघाले. शेवटी गौडा पसंत पडले. मूळ नेदरलँड्सचे हे चीज आपल्याकडेही बनते. ते किंचित गोडसर, लोण्यासारखे आणि चावायला घट्ट असते. त्याचे चौकोनी तुकडे न करता सोलाण्याने पातळ पापुद्रे काढावेत, म्हणजे ६० ग्रॅम चीज चौघांना भरपूर वाटते. स्मोक्ड गौडाही मिळते, ते येथे घेऊ नये, एका घरात दोन धूर नकोत. माळकरी माणसासाठी पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा, कारण दूध विरजण्यासाठी वापरतात ते रेनेट परंपरेने वासराच्या जठरातून येते. आपल्याकडे विकले जाणारे बरेच चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचे असते, तरी परदेशी वडी घेताना खात्री केलेली बरी.

मांस आणि चीज घालून सॅलडलाच मुख्य जेवण करण्याची ही चाल मुख्यतः अमेरिकेतली. हॉलिवूडच्या ब्राउन डर्बी या उपाहारगृहातले कॉब सॅलड हे तिचे गाजलेले उदाहरण, त्यात कोंबडी साधी असते आणि धुराचे काम बेकन, म्हणजे डुकराचे खारवून धुरावलेले मांस, करते. स्मोक्ड चिकन ही दोन्ही कामे एकटे करते, म्हणूनच त्याचे प्रमाण निम्म्यावर आणावे लागते, हे मला चौथ्या पाकिटानंतर सुचले.

किमतीविषयी लिहायला हवे. मी घेते ते २०० ग्रॅमचे पाकीट पावणेतीनशे रुपयांना पडते, म्हणजे ताज्या बोनलेसच्या भावाच्या तिपटीहून जास्त. आठवड्याला एक पाकीट घेण्याचा माझा बेत नाही, आणि तो केवळ पैशामुळे नाही. नायट्राइट घातलेले, खारवलेले, धुरावलेले मांस हे प्रक्रिया केलेल्या मांसाच्या वर्गात मोडते आणि त्या वर्गाचा आतड्याच्या कर्करोगाशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केला आहे. महिन्यातून दोनदा, तेही दीडशे ग्रॅम चौघांत, एवढे मला स्वतःला पटते. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी वरचा मिठाचा हिशेब पुन्हा वाचावा.

पावसाळ्यात हे सॅलड मी करणार नाही. तेव्हा पानांना चिखल असतो, लेट्यूस महाग आणि मऊ असते, द्राक्षे नसतात.

राहता राहिले पाकिटातले उरलेले ५० ग्रॅम. उघडल्यावर तीन दिवसांत संपवावे अशी सूचना असते, आणि आमच्याकडे त्या तीन दिवसांचा हिशेब मार्गशीर्षात चुकतो. बाजार बुधवारी, त्यामुळे सॅलड बुधवारी रात्रीच होते, आणि गुरुवारी घरात मांसाहार नसतो. म्हणून उरलेला तुकडा घट्ट डब्यात घालून फ्रिजच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, सासूबाईंच्या दह्यापासून दूर ठेवते, आणि शुक्रवारी सकाळी तो बारीक चिरून, मीठ न घालता, चार अंड्यांच्या ऑम्लेटमध्ये जातो.